मंडळाच्या उरलेल्या पैशात एईडी घ्यावं का? (सातारा)

शाहूपुरीकर
मंडळी, सल्ला पायजे. आमच्या मंडळाकडं यंदा गणपतीचा सगळा खर्च जाऊन बऱ्यापैकी वर्गणी उरलीय. एक गट म्हणतोय बाकडी घ्या, एक म्हणतोय नवीन ताशे घ्या, आणि आम्ही दोन-चार जण म्हणतोय की एईडी घेऊ. म्हणजे हृदय बंद पडल्यावर शॉक द्यायची ती छोटी पेटी, विमानतळावर भिंतीला लावलेली असते ती. कोटेशन लाखाच्या आसपास आलंय. आमच्या कॉलनीत निम्म्या घरांत फक्त म्हातारा-म्हातारी, पोरं पुण्याला नायतर परदेशात. रात्री दोनला कोण कोसळलं तर १०८ येईपर्यंत काय करायचं हा खरा प्रश्न आहे. कुणी वापरलंय का हे? उपयोग होतो का नुसतं शोभेला टांगून ठेवायचं? आणि दवाखान्यात नेईपर्यंत माणूस वाचवायच्या पद्धतीत आता नवीन काय आलंय तेही सांगा, सभेत बोलायला बरं पडेल.

भडंगप्रेमी
ताशे घ्या. आमच्या सांगलीच्या मिरवणुकीतला ताशा ऐकून मेलेला पण उठून नाचतो. (हलकं घ्या.)

आपत्कालीन_मिरज
मी मिरजेत इमर्जन्सीला काम करतो, म्हणून जरा लांबड लावतोय.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाची रक्तवाहिनी तुंबते, छातीत दुखतं, घाम फुटतो, पण माणूस बोलत असतो. कार्डिअ‍ॅक अरेस्ट म्हणजे हृदयानं रक्त ढकलायचं थांबवलं, माणूस काही सेकंदांत बेशुद्ध. पहिल्यातून दुसरं होऊ शकतं, पण उपाय वेगळे. पहिल्यात गाडी काढून पळायचं. दुसऱ्यात पळायचं नाही, जिथं पडला तिथंच जमिनीवर सरळ करून छाती दाबायला सुरुवात करायची. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचायची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. आता तुमच्या कॉलनीत १०८ किती मिनिटांत येते ते तुम्हीच बघा आणि गणित मांडा.

लोकांचा सगळ्यात जास्त वेळ कुठं जातो सांगू? हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटं बऱ्याच जणांना आचके येतात, तोंड उघडं, मधूनच घोरल्यासारखा आवाज. नातेवाईक म्हणतात श्वास चालू आहे, थांबा. तो श्वास नव्हे. हाक मारून हलवून जागा होत नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की सुरू करायचं. नाडी शोधत बसायचं नाही, शिकलेल्यांनासुद्धा घाईत ती नीट सापडत नाही.

पेटीबद्दल संध्याकाळी लिहितो, ओपीडी आहे.

यवतेश्वर_एक्सप्रेस
डॉक्टरांना +१. आमच्या बॅडमिंटनच्या ग्रुपमधला एक जण गेल्या वर्षी कोर्टवरच पडला. सर्व्हिस करायला हात वर केला आणि खाली. सगळे पाणी आणा, पाय वर करा, कांदा हुंगवा. शेजारच्या कोर्टवर एक नर्स खेळत होती, ती जाळीखालून आली, कुणाशी काही न बोलता गुडघ्यावर बसली आणि दाबायला लागली, आणि दाबता दाबताच आम्हाला ओरडून कामं वाटली, तू १०८, तू गेटवर थांब, तू माझ्या मागं बस दोन मिनिटांनी तुझा नंबर. गाडीतल्या डॉक्टरांनी आल्या आल्या शॉक दिला. पुढं अँजिओप्लास्टी झाली, आता तो आम्हालाच हरवतो आणि वर तोंड करून बोलतो. पण दोन मिनिटं दाबल्यावर माझे हात अक्षरशः थरथरत होते हो. २१ किलोमीटर पळणारा माणूस मी, पण हे काम वेगळंच आहे.

पाटणवाला
वाचून बरं वाटलं पण हे सगळं साताऱ्यात हाय. आमच्याकडं वरल्या वाडीला गाडी यायची म्हंजी आधी रेंज शोधायची, मग फोन, मग खालनं घाटानं वर. पाऊणेक तास तर कुठं गेला न्हाय. तेवढा येळ दाबत बसायचं का मानसानं?

कंदीपेढा
@यवतेश्वर_एक्सप्रेस कांदा हुंगवणारा मीच असणार, आमच्या घरात प्रत्येक रोगावर कांदा आहे. फिट असो, चक्कर असो, नापास झालेला असो.

निवृत्त_मास्तरीण
माझ्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर येतं की एकटे असताना अटॅक आला तर जोरजोरात खोकत राहा, हृदय चालू राहतं. आणि शेजारचे एक जण खिशात सॉर्बिट्रेट घेऊन फिरतात, कोणी पडलं की जिभेखाली ठेवायचं म्हणून. हे दोन्ही खरं का, डॉक्टरसाहेब? मी विज्ञान शिकवलंय तरी ते फॉरवर्ड दर दिवाळीला मलाच चार जणांकडून येतं.

आपत्कालीन_मिरज
बाई, खोकायचं विसरा. खोकता येतंय म्हणजे अरेस्ट झालेलाच नाही, आणि अरेस्ट झाला की खोकायला माणूस शुद्धीवर नसतो. छातीत दुखतंय तर खोकत बसण्यापेक्षा फोन करा, दाराची कडी काढून ठेवा. सॉर्बिट्रेट बेशुद्ध माणसाच्या तोंडात अजिबात नको, ते ज्याला डॉक्टरांनी लिहून दिलंय त्याच्या छातीच्या दुखण्यासाठी आहे, शिवाय बीपी पाडतं. बेशुद्ध माणसाला पाणीही पाजायचं नाही, सरळ श्वासनलिकेत जातं.

@पाटणवाला, तुमचा प्रश्न सोपा नाही. त्याला नीट उत्तर देतो, जेवून येतो.

कृष्णाकाठ
आमच्याकडचा वेगळा मुद्दा मांडतो. सांगली-औदुंबर पट्ट्यात दरवर्षी उन्हाळ्यात विहिरीत नायतर नदीत पोरं जातात. वर काढल्यावर लोक काय करतात, पोटावर दाबतात, उलटं धरून झुलवतात, पूर्वी तर कुंभाराच्या चाकावर घालून फिरवायचे म्हणे. आता सगळीकडं सांगतात की तोंडानं श्वास द्यायची गरज नाही नुसतं दाबा. बुडालेल्याला पण तेच का?

आपत्कालीन_मिरज
बरं झालं विचारलंत. नाही, बुडालेल्याला तेच नाही. मोठा माणूस अचानक कोसळतो तेव्हा रक्तात थोडा वेळ पुरेल एवढा प्राणवायू शिल्लक असतो, म्हणून नुसतं दाबलं तरी चालतं. आपल्याकडं इंडियन रेससिटेशन कौन्सिलनं सामान्य लोकांसाठी हीच नुसती दाबायची पद्धत नेमून दिलीय, सीओएलएस म्हणतात तिला. पण बुडालेल्याचा प्राणवायू आधीच संपलेला असतो, हृदय त्यामुळंच थांबलेलं असतं. तिथं आधी तोंडाने श्वास, मग ३० दाब, २ श्वास. लहान मुलांनाही शक्यतो श्वासासकटच. आणि पोटातलं पाणी काढायच्या भानगडीत पडू नका, उलटी होऊन फुप्फुसात जाते. वेळ जातो तो वेगळाच.

शेतात मोटारीचा शॉक लागला तर आधी मेन स्विच बंद, माणसाला हात नंतर. रात्रीच्या लाईटीवर पाणी द्यायला गेलेले असतात, अंधारात घाई करून दुसराही चिकटतो. मात्र या लोकांचं हृदय बऱ्याचदा मुळात ठणठणीत असतं, फक्त लय बिघडलेली असते, म्हणून दाबणं आणि शॉक लगेच मिळाला तर चांगले वाचतात.

वाईकर_वकील
कायद्याचं कुणी बोललंच नाही. "हात लावला आणि मेला तर माझ्यावर येईल" ही भीती मी पक्षकारांकडून रोज ऐकतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १३४ अ आलं, मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, त्याआधी २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं त्याबाबतच्या सूचनांवर शिक्कामोर्तब केलं होतं. पण ते रस्ता अपघातापुरतं. घरात किंवा मंगल कार्यालयात कोसळलेल्याला ते लागू नाही हे बरेच जण विसरतात. मात्र भारतीय न्याय संहितेचं कलम ३० आहे, जुन्या भादंविचं ९२. संमती द्यायच्या अवस्थेत नसलेल्या माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेनं केलेली कृती गुन्हा होत नाही. बरगडी मोडली म्हणून कोर्टात जायची धास्ती घेऊ नका.

कंदीपेढा
बरगडी मोडते???

यवतेश्वर_एक्सप्रेस
मोडते. आमच्या मित्राच्या दोन मोडल्या होत्या. हसला की दुखायचं म्हणून आम्ही मुद्दाम जोक सांगायला जायचो.

शंकेखोर_सांगलीकर
मला हा सगळा उत्साह जरा जास्त वाटतोय. सीपीआर, म्हणजे हे छाती दाबणं, करून किती जण खरंच घरी चालत जातात? परदेशातसुद्धा हॉस्पिटलबाहेर कोसळलेल्यांतले शंभरातले दहाच्या आसपास वाचतात असं वाचलंय, तेही सगळ्या सोयी असताना. इथं हॉस्पिटलात पोचल्यावर बेड मिळेल का ही बोंब. त्यापेक्षा बीपी-शुगरची शिबिरं घ्या त्या पैशात.

आपत्कालीन_मिरज
शिबिरं घ्याच, त्याला नाही कोण म्हणतंय. पण तो दहाचा आकडा कुठून आला तेही बघा की. डेन्मार्कनं २००५ ला शाळेत सीपीआर सक्तीचं केलं, पुढच्या वर्षी ड्रायव्हिंग लायसन्सलाही जोडलं. २००१ साली तिथं रस्त्यावरच्या माणसानं छाती दाबायला घेतली असं २१ टक्के वेळा व्हायचं, २०१० ला ते ४५ टक्क्यांच्या आसपास गेलं. त्याच काळात महिनाभर जगलेले साडेतीन टक्क्यांवरून जवळपास ११ वर. सगळं श्रेय शाळेचंच असं कुणी म्हणणार नाही, हॉस्पिटलातले उपचारही सुधारले. पण तिप्पट म्हणजे तिप्पट.

भडंगप्रेमी
लायसन्सला जोडलं तर आपल्याकडं एजंटच येऊन दाबून देईल. आपण फक्त सही करायची.

वाईकर_वकील
=)) =)) आणि पुतळ्याचा फोटो ऑनलाइन अपलोड करायचा.

जुनेपुराणे
पुतळ्यावरून अवांतर. शिकवायला जो पुतळा वापरतात त्याचा चेहरा एका तरुण मुलीचा आहे. पॅरिसला सीन नदीत सापडलेल्या अनोळखी मुलीचा म्हणून जो मुखवटा घरोघरी भिंतीवर लावायचे, त्यावरून नॉर्वेच्या एका खेळण्याच्या कारखानदारानं, लेर्डाल नाव त्याचं, १९६० ला पहिला पुतळा बनवला. आणि छाती बाहेरून दाबायचा शोधही मजेशीरच. बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये कुत्र्यांवर शॉकचे प्रयोग चालले होते, तेव्हा निकरबॉकर नावाच्या तरुण संशोधकाच्या लक्षात आलं की शॉक द्यायच्या आधी नुसते जड पॅडल छातीवर दाबले तरी रक्तदाब वर जातोय. त्याचे वरिष्ठ कौवेनहोवेन तर इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९६० ला वीस रुग्णांवरचा पेपर छापला, त्यातले चौदा वाचले, आणि लिहिलं की यासाठी लागतात फक्त दोन हात. त्याआधी सर्जन लोक छाती फाडून हृदय हातात धरून दाबायचे!

निवृत्त_मास्तरीण
हे मला शाळेत शिकवायला हवं होतं. निदान त्या तासाला मागच्या बाकावरची पोरं जागी राहिली असती.

बामणोलीची_लाँच
पाटणवाल्याचा प्रश्न तसाच राहिलाय, डॉक्टर जेवायला जाऊन गायब. आमच्या कांदाटी खोऱ्यात तर शिवसागर ओलांडायचा म्हणजे लाँच. पावसाळ्यात धुकं असलं की लाँचवाला पण नाही म्हणतो. आमच्यासाठी काय नवीन निघालंय का, ते बोला. तुमच्या शाहूपुरीत दोन हॉस्पिटलं हाकेच्या अंतरावर आहेत.

आपत्कालीन_मिरज
जेवण पचवून आलो. 😀 आता थेट बोलतो, वाईट वाटून घेऊ नका.

जगात जे नवीन चाललंय ते बहुतेक पहिल्या दहा मिनिटांनंतरचं आहे. छाती दाबणारं यंत्र निघालंय, लुकास वगैरे. त्याची इंग्लंडमध्ये मोठी चाचणी झाली, पण हातानं दाबण्यापेक्षा जास्त लोक वाचले नाहीत. घाटात हलत्या गाडीत मात्र ते यंत्र कामाचं, कारण तिथं उभं राहून दाबणारा स्वतःच पडतो. अ‍ॅड्रेनलिनची, म्हणजे बंद हृदय सुरू करायला देतात त्या इंजेक्शनची, ब्रिटनमध्ये आठ हजार रुग्णांवर चाचणी झाली, २०१८ ला निकाल आला. इंजेक्शन दिलेल्यांत महिनाभर जगलेले ३.२ टक्के, न दिलेल्यांत २.४. पण मेंदू धड राहून घरी गेलेल्यांत फारसा फरकच नाही. हृदय परत सुरू होणं आणि माणूस परत येणं वेगळं, हे त्यातून कळलं. कॅनडात २०२२ ला एक चांगलं निघालं. तीन शॉक देऊनही बिघडलेली लय सुटत नसेल तर शॉकसाठी छातीला चिकटवायच्या पॅडची जागा बदलून छाती-पाठ अशी लावली, किंवा दोन मशीननं पाठोपाठ शॉक दिले, तर वाचलेले १३ टक्क्यांवरून अनुक्रमे २२ आणि ३० टक्क्यांपर्यंत गेले. मिनेसोटात सीपीआर चालू ठेवूनच रुग्ण आणून एक्मोला, म्हणजे हृदय-फुप्फुसाचं काम बाहेरून करणाऱ्या यंत्राला, जोडतात, तिथल्या छोट्या चाचणीत वाचायचं प्रमाण सात टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं, मग नेदरलँड्समध्ये तेच करून पाहिलं तर तेवढा फायदा दिसला नाही. तिथली टीम कशी, किती मिनिटांत पोचते, त्यावर सगळं अवलंबून.

आता कांदाटी आणि पाटणची वाडी. पाऊण तासाच्या अंतरावर शॉक असेल तर नुसतं दाबून माणूस वाचायची शक्यता फार कमी. तरी वीज लागलेला, बुडालेला, तरुण, यांना सोडू नका, माणसं बदलत दाबा. साठीच्या पुढच्यांसाठी तुमच्याकडची खरी लढाई अरेस्टच्या आधीची आहे. छातीत दुखून घाम आला की "गॅस झालाय, ओवा खा, सकाळी बघू" नाही. त्याच क्षणी लाँच काढायची, रात्र असली तरी. अर्धा-एक तास आधी निघालेला माणूस बामणोलीला गाडीत असतानाच अरेस्ट झाला तर गाडीत शॉक आहे. घरी झाला तर नाही.

बामणोलीची_लाँच
पटलं. ओव्यावर आमच्या अख्ख्या खोऱ्याचा फार विश्वास आहे, तिथं मला एकट्याला लढायला लागणार.

पाटणवाला
बरं झालं स्पष्ट बोल्लासा. वाडीवर येक पेटी ग्रामपंचायतीनं घेतली तर?

आपत्कालीन_मिरज
घेतली तर उत्तम, वाडी एकवटलेली असेल तर. पण विखुरलेल्या घरांत पेटी आणायलाच पंधरा मिनिटं लागत असतील तर उपयोग नाही. स्वीडनमध्ये ड्रोननं पेटी पाठवतात, त्यातून खरोखर माणूस वाचलाय. पण आपल्या पावसात कोयनेच्या धुक्यात ड्रोन कुठं जाईल ते सांगता येत नाही.

सदाशिव_पेठेतली_माहेरवाशीण
एक विचारू का, कुणी बोलत नाही म्हणून. मी सासरी सांगलीला एका प्रशिक्षणाला गेले होते, तिथं सगळे पुतळे पुरुषांचेच. बाई कोसळली तर पॅड लावायला ब्लाऊज काढायचा की नाही? आमच्या बॅचमधल्या पोरांचे चेहरे पडले होते विचारल्यावर.

यवतेश्वर_एक्सप्रेस
खरा मुद्दा. आमच्या ग्रुपमध्ये पण कुणाचं धाडस झालं नसतं, ती नर्स होती आणि पडलेला पुरुष होता म्हणून भागलं.

आपत्कालीन_मिरज
बायकांना रस्त्यावर सीपीआर कमी मिळतं हे परदेशातही दिसलंय, नुसतं आपल्याकडचं नाही. छाती दाबायला काही काढायची गरज नाही, पदरावरून दाबा. पॅड मात्र उघड्या त्वचेवरच लागतात, एक उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली, दुसरं डावीकडं काखेखाली. कात्रीनं समोरून कापायचं. आजूबाजूच्या बायकांना साडी धरून आडोसा करून उभं करा, दहा सेकंदांचं काम आहे. घामानं ओली छाती पुसून घ्या. आणि सिनेमात सरळ रेष आल्यावर शॉक देतात ते खोटं, सरळ रेषेला शॉक लागत नाही. पेटी स्वतः लय तपासून ठरवते, गरज नसेल तर तुम्ही बटण कितीही दाबा, देणार नाही.

शंकेखोर_सांगलीकर
ही माहिती मला नव्हती, मला वाटायचं चुकून धडधाकट माणसाला शॉक बसला तर? ठीक आहे, अर्धा मत बदललं. अर्धा अजून शिबिराकडे.

शाहूपुरीकर
सगळ्यांचे आभार, सभा झाली. ताशेवाले हरले पण रुसलेत. मी डॉक्टरांचा मिनिटाला दहा टक्क्यांचा हिशोब मांडला तर आमचे अध्यक्ष म्हणाले, मग पेटी आणायला जाणारा आणि दाबणारा वेगळा पाहिजे की! तिथंच ठरलं, आधी शिकवणं. पहिली बॅच कोजागरीनंतरच्या रविवारी. वॉचमन, दूधवाला, बारावीतली पोरं आणि रात्री घरी एकट्या असणाऱ्या काकू यांना आधी घेतोय. पेटी पण घेतोय, पण देवळाच्या पडवीत नाही, देऊळ रात्री बंद असतं. वॉचमनच्या केबिनबाहेर, कुलूप नाही. सेक्रेटरी म्हणतोय चोरीला जाईल. मी म्हटलं जाऊ दे, कुलपाची किल्ली शोधण्यात माणूस जाण्यापेक्षा बरं.

डॉक्टर, बॅटरी आणि पॅडचं काय असतं?

आपत्कालीन_मिरज
पॅडला एक्सपायरी असते, साधारण दोनेक वर्षांत बदलावे लागतात, बॅटरी त्याहून जास्त टिकते पण मॉडेलनुसार बघा. पेटीवर हिरवा दिवा असतो, रोज येताजाता बघायचं काम वॉचमनला द्या. विकत घेताना ती कुठल्या भाषेत बोलते ते ऐकून घ्या, रात्री दोनला काकूंना इंग्रजी सूचना नकोत. आणि पेटीत कात्री, रेझर, छोटा टॉवेल टाकून ठेवा. रेझर कशाला विचारू नका, पैलवान मंडळींच्या छातीवर पॅड चिकटत नाहीत.

भडंगप्रेमी
सांगलीत मग रेझर नको, लॉनमोअर ठेवा.

निवृत्त_मास्तरीण
बॅचमध्ये मीही येऊ का? गुडघे दुखतात, खाली बसून दाबता येईल का शंका आहे.

आपत्कालीन_मिरज
जरूर या. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, आणि प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. हे सगळं नाही जमलं तरी तुमच्याकडं आवाज आहे. फोन स्पीकरवर ठेवून १०८ ला पत्ता सांगायचा, आणि दाबणाऱ्या पोराला जोरात मोजून दाखवायचं. सिएटलमध्ये तर फोन उचलणारा माणूसच पलीकडून मोजून देतो, कितीतरी वर्षं.

निवृत्त_मास्तरीण
मोजून घ्यायची सवय आहे मला. कमी दाबलं की पट्टी.

कोरेगावकर
धागा उशिरा वाचला. वडिलांना पेसमेकर आहे, डाव्या खांद्याखाली छोटी गाठ दिसते. त्यांच्यावर ही पेटी चालते का? का उलटं काही होईल?

आपत्कालीन_मिरज
चालते. पॅड बरोबर त्या गाठीवर ठेवायचं नाही, चार बोटं बाजूला सरकवून लावायचं. आणि जागा ठरवण्यात वेळ घालवायचा नाही, तोवर दुसऱ्यानं दाबत राहायचं.